पोटाला गुदगुल्या

मालदीवच्या एका बेटाच्या धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या हव्वाआजीचे कान टवकारले. रिसॉर्टवर सुट्टीला आलेलं राजधानी मालेचं जोडपं शेजारीच भांडत होतं.

“शैरा, मी चाललो घरी. ती हवेची टाकी पाठीला बांधून पुन्हा समुद्रात उतरणार नाही.”

“अरे नझीम, केवढी ती पाकट मासळी! मशिदीच्या छपराएवढी! आणि तुझ्या डोक्यावर येऊन थांबलीच की!”

“मी भीतीनं धापा टाकत होतो गं.”

“म्हणूनच थांबली! तुझ्या बुडबुड्यांनी तिच्या पोटाला गुदगुल्या होत होत्या. मी इतकी वर्षं बुड्या मारतेय, माझ्यासाठी मेली एकही थांबली नाही.”

“माझ्यासाठी थांबली? खरंच?”

बोट आली, सुटलीही. आजीसुद्धा चढायची विसरली.

“उद्या थांबेल का गं?”

“घाबरलास तर थांबेल.”