खडकवासल्याला सोडलेले जीव

(निपाणी, १९३४. तंबाखूच्या वखारीला लागून जैन व्यापारी आप्पाण्णांचं घर. बायको पद्मावती चुलीपाशी. मुलगा धनपाल पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आजच आलेला.)

आप्पाण्णा : फिजिक्सच्या पेपरात पास, आणि पाणी तापवायच्या प्रयोगात नापास? अरं, ते तर तुझी आई रोज करती!

धनपाल : तसं न्हवं, अण्णा. पितळंचा गोळा तापवून पाण्यात सोडायचा, पाणी किती तापलं ते मोजायचं.

आप्पाण्णा : मग मोजलास?

धनपाल : आधी पाणी गाळलं.

पद्मावती : गुणाचं माझं लेकरू.

आप्पाण्णा : पिणार हुतास व्हय ते?

धनपाल : न्हाय. पण तापला गोळा टाकल्यावर आतलं जीव मरणार की! आईनं शपथ घातलीती. वर्षभर प्रयोगाला जोडीदार पाणी घ्यायचा. परीक्षेत मी एकटा.

आप्पाण्णा : गाळाय किती येळ लागतोय?

धनपाल : गाळाय न्हाय. फडक्यातलं जीव जिथलं पाणी तिथंच सोडाय पायजेत न्हवं?

आप्पाण्णा : नळाखाली झटकायचं फडकं!

धनपाल : नळ म्हंजे काय आड हाय? पुण्याच्या नळाला पाणी येतंय खडकवासल्याच्या धरणातनं.

आप्पाण्णा : धन्या... तू खडकवासल्याला गेलतास?

धनपाल : सायकलनं. येताना पंक्चर झाली.

आप्पाण्णा : ऐकलीस गं? मुंबई युनिव्हर्सिटीची परीक्षा तीन तासांची, आणि आमचा इंजिनेर किडं पोचवाय गेलता! आणि गोळा?

धनपाल : गार. परीक्षक घरी गेलते. शिपाई कुलूप लावत हुता.

आप्पाण्णा : बास झालं शिक्षान. उद्यापास्नं वखारीत बस.

धनपाल : ऑक्टोबरात परत परीक्षा हाय, अण्णा. एवढा एकच प्रयोग ऱ्हायलाय. वखारीत बसवू नकोसा.

आप्पाण्णा : आणि परीक्षा मुंबईला घेतली तर? समुद्रावर जाशील? अरं, एक दिवस चार किडं मेलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

पद्मावती : वखारीत गंधकाची धुरी घालता, तवा किती मरत्यात?

आप्पाण्णा : त्यो धंदा हाय.

पद्मावती : व्हय. धुरी घालून, आंघोळ करून, बस्तीत देवापुढं पैल्या रांगेत बसायचा धंदा. ह्योच शिकवणार पोराला?

आप्पाण्णा : ऑक्टोबरात कितव्या तारखंला रं?

धनपाल : बारा.

आप्पाण्णा : आणि परत फडकं घेऊन सायकलीवर बसलास तर?

पद्मावती : न्हाय बसायचा. आदल्या दिवशी कळशीभर पाणी मी हितंच गाळून, उकळून देतो. उकळलेल्यात दिवसभर नवं जीव हुत न्हाईत. फडक्यातलं जीव आपल्याच आडात सोडतो.

आप्पाण्णा : आणि पुण्यापतोर मोटारीत हिंदकळलं म्हंजे?

पद्मावती : तुमी बसा की मांडीवर घेऊन.