भिंतीपलीकडचा मोबाइल

केस कापायच्या दुकानात माझ्या शेजारच्या बाकड्यावर दोन मित्र नंबर यायची वाट बघत बसले होते.

“मग, वायफायचा चोर सापडला का?”

“सापडला. राउटरमध्ये बघितलं, तर घरात मोबाइल तीन आणि जोडलेले चार! चौथा कुणाचा? आईचा.”

“सख्ख्या आईला चोर म्हणतोस?”

“अरे, वाटण्या झाल्यात आमच्या. घरात मधोमध भिंत घातलीय. आई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दादाकडे. सध्या पाळी दादाची. जेवण त्याचं आणि नेट माझं? दिलं ब्लॉक करून. पासवर्डही बदलला.”

“तुझ्या ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलत असेल रे ती.”

“बोलायची ना, रोज. रेंज मिळावी म्हणून भिंतीला खुर्ची लावून बसायची.”

“मग दादाचं नेट घेऊ दे की तिला.”

“तो म्हणतो, वाटणीत नेटचं काही ठरलं नव्हतं.”

“म्हणजे आता बोलणं बंद?”

“भिंतीपलीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येतं. तिला वाटतं, मोबाइलच बिघडलाय.”

“आणि दादानं तुझा नवा पासवर्ड ओळखला तर?”

“छे! आईची जन्मतारीख टाकलीय. ती दादाला कुठली ठाऊक असायला!”