बायको शिखरावर, मी बराफूला

मी मूळचा जुन्नरचा. घराबाहेर पडलं की समोर शिवनेरी, त्यामुळं डोंगर चढायला शिकलो असं काही झालंच नाही, चालायला लागलो तसा चढायलाही लागलो. डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी केली, मग इथं परदेशात, फेल्डहोवन नावाच्या गावी, मशिनी जुळवायच्या कामावर आलो, त्याला अकरा वर्षं झाली. देश चांगला, माणसं चांगली, पण जमीन अशी सपाट की काय सांगू तुम्हाला, सायकलनं एखादा पूल चढलो तरी मला बरं वाटायचं.

बायको माझी मधुरा, दादरची. लग्नानंतर एकदा तिला आमच्याकडच्या हडसर किल्ल्यावर नेलं तर अर्ध्यात बसून रडली. हे मी सगळ्यांना हसत हसत सांगायचो, तिच्यादेखत सांगायचो.

किलीमांजारो माझंच खूळ. चाळिशी आली तसं मनात घेतलं की आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर चढायचा. वाटाडे, हमाल, तंबू सगळं त्यांचं, आपण फक्त सात दिवस चालायचं. ती म्हणली मी पण येते. मला मनातून हसू आलं, पण म्हणलं ये. आता इथं डोंगर कुठून आणायचा, तर आमच्या बिल्डिंगचा जिना, आठ मजले, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली. मी तिला शिकवायचो, श्वास असा घे, पाय असा टाक.

तिथं आमचा वाटाड्या इमॅन्युएल, शांत माणूस, दिवसभर एकच म्हणायचा, पोले पोले, म्हणजे हळूहळू. ती त्याच्या मागं मुंगीसारखी. मी पुढं. रोज मुक्कामावर आधी मी पोचायचो आणि वळून बघायचो ती किती मागं आहे. चौथ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना, तरी मी कुणाला बोललो नाही. आणि ती दोन-दोन वाट्या सूप प्यायची, हमालांबरोबर गाणी म्हणायची. मी तंबूची चेन लावून आत पडून राहायचो, आणि ते काही नुसत्या डोकेदुखीमुळं नव्हतं.

बराफू म्हणजे शेवटचा तळ, तिथून पुढं शिखर. दुपारी पोचलो आणि मी दगडाआड जाऊन ओकलो, दोनदा. तिनं पाहिलं. मी म्हणलं, गप्प बस. ती सरळ इमॅन्युएलकडं गेली आणि सांगून आली. त्यानं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, मला सरळ रेषेत चालायला लावलं, मी झोकांड्या खाल्ल्या. म्हणला, तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली जायचं. मी भांडलो, हात जोडले. मग वाटलं, ती तरी येईल माझ्याबरोबर. ती जवळ आली, माझ्या जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणली, मला वर जायचंय, सुधीर. एवढंच.

मदतनीस वाटाड्यानं मला धरून खाली आणलं. उतरलो तसं डोकं हलकं होत गेलं आणि राग चढत गेला. लाज वाटते पण सांगतो, मी मनात म्हणत होतो की तिलाही जमू नये. वारा सुटावा, पाय मुरगळावा, काहीही व्हावं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिखर गाठून आली, ओठ फुटलेले, चेहरा रापलेला, लंगडत, आणि मला बघून हसली. मी विचारलं, जेवलीस का. अभिनंदन काही माझ्या तोंडून निघालं नाही.

परत आल्यावर इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत तिला माइकवर बोलायला लावलं, फोटो दाखवले. लोक मला विचारायचे, तुम्ही का नाही गेलात वर, मी म्हणायचो, अन्न बाधलं. तिनं ते ऐकलं, कधी खोडून काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

दोन वर्षं अशीच काढली. परवा भांडी आवरताना म्हणलं तिला, त्या दिवशी तुला जमू नये असं वाटत होतं मला. ती थांबली. म्हणली, दिसत होतं तुझ्या तोंडावर. मग म्हणली, पण मी सांगितलं नसतं तर तू मेला असतास सुधीर, आणि परत वेळ आली तर मी परत सांगेन. मी पुढचं ताट पुसायला घेतलं.

आता ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर केनियातल्या डोंगरावर निघालीय. मला ये म्हणली, मी नको म्हणलं. हेवा गेला का विचाराल तर नाही गेला, तिची सॅक भरताना बघितली की अजून छातीत खुपतं. पण मी म्हणतो, नीट जा, वर पोच, सुखरूप ये. निम्मं तरी मनापासून असतं, आणि देवाच्या कानावर तेवढंच निम्मं पडो.