पावणेसहा तासांचा फरक

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी सारजाबाई होत्या. त्यांच्या पलीकडे तनुजा. गल्लीला टँकरचे मेसेज तिचा प्रोग्रॅम पाठवतो, हे बोलण्यावरून कळलं.

"मागल्या बुधवारी मेसेज आला, तवा टँकर निघून गेलता. अर्धा तास उशीर! आठ दिवस शेजारणीकडून हंडे आणले मी."

"चूक सापडली, मावशी. प्रोग्रॅम लंडनच्या घड्याळावरून वेळ काढतो. त्यात फरक पुऱ्या तासांचाच धरला होता. आपला साडेपाचाचा."

"मग?"

"लोक आपला कोड नेटवर उघडा ठेवतात. चाळीस जणांचा शोधून वाचला. सगळीकडं पुरे तास. शेवटी नेपाळच्या एकाचा मिळाला. त्यांचा फरक पावणेसहाचा."

"व्हय? त्याचाबी टँकर चुकायचा?"

"शाळेची बस."

"अन् तू न विचारता घेतलंस?"

"कुणीही घ्या, असं त्यानंच लिहून ठेवलंय. कसं वापरायचं तेही."

"लई गुणाचा दिसतोय."

तेवढ्यात सारजाबाईंचा फोन वाजला.

"टँकर वीस मिनिटांत, म्हणतोय. खरं का गं?"

"दुरुस्तीनंतरचा पहिलाच मेसेज आहे, मावशी."

"दोन तास बसलेय मी. आता पुढचा नंबर माझाच."

"तुम्ही ठरवा."

सारजाबाईंनी नंबराचा बिल्ला माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही जावा आत, भाऊ. मी सांजच्याला येते. तनुजा, रिक्षा थांबव."