द्वारकाकाकूची चूल

मंडळी, आज तुम्हाला एकच विचारतो. अडचणीच्या दिवसासाठी आपण जे राखून ठेवतो, ते नेमकं कुणासाठी? लगेच "घरच्यांसाठी" म्हणू नका. आधी ऐका.

मेळघाटातलं डोंगरावरचं गाव. तिथे द्वारकाकाकू एकटी राहायची. पावसाळा सरला की काकू सरपण तोडून, वाळवून माळ्यावर रचायची. शेजारी पुंडलिक भुसारी. त्याच्याकडे विजेची शेगडी, विजेचा हीटर. काकूच्या धुरानं आपल्या भिंती काळ्या होतात, म्हणून हा गडी थेट पंचायतीत गेला — "बाईची चूल बंद करा!" तेव्हापासून बोलणं बंद. शेजाऱ्यांची भांडणं अशीच, मंडळी. भिंत एक, आणि तोंडं दोन दिशांना!

त्या पौषात गारपीट झाली. खांब आडवे, घाटात दरड, वीज गेली. पुंडलिकाची गॅसची टाकी संपलेली, नवी खाली अडकलेली. थंडी तर अशी की पाण्यात हात घालवेना. आणि घरात लेक सुमित्रा, नुकतीच बाळंत झालेली.

खोटं कशाला सांगू? चुलीपुढे बसलेल्या काकूला आधी बरंच वाटलं. 'भोग आता,' म्हणाली मनात. भिंतीपलीकडे बाळ रडत होतं. दुपारभर रडलं.

मग रडणं थांबलं.

काकू तवा तसाच टाकून उठली. पुंडलिकाचं दार ढकललं तर आतून कडी. तिनं धडका मारल्या, तेव्हा पुंडलिकानं अडखळत दार उघडलं. खिडक्या बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि मधोमध घमेल्यात लाकडी कोळसा फुललेला. सुमित्रा कपाळ धरून पडलेली. बाळ मलूल.

काकूनं पदरानं घमेलं उचललं अन् अंगणात नेऊन टाकलं.

"काकू, थंडी येते आत!"

"येऊ दे. थंडीवर गोधडी घालता येते. कोंडलेल्या कोळशाच्या विषारी हवेत जीव जातो, पुंडलिका. पोरीला उचल, बाळ मी घेते."

मोकळ्या हवेत बाळानं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. पुंडलिकानं त्याला गोधडीत गुंडाळलं. म्हणाला, "थोडी लाकडं द्या काकू. घरीच चूल मांडतो."

"नाही देत."

त्यानं मान खाली घातली.

"लाकडं वाटली तर दोन चुली पेटतील, अन् वीज यायच्या आत दोन्ही विझतील," काकू म्हणाली. "माझ्या चुलीला धुराडं आहे. चला सगळे तिकडे."

"मी पंचायतीत गेलो होतो, काकू."

"माहीत आहे. ते भांडण उन्हाळ्यात करू. आधी बाळंतिणीला ऊब पाहिजे."

वीज येईस्तोवर दोन घरं एका चुलीवर जेवली. पुंडलिक पाणी भरायचा, काकू भाकरी थापायची, खिडकी मात्र कायम बोटभर उघडी. माळा पार रिकामा झाला. काकूनं हात आखडला नाही. वीज आली तेव्हा पुंडलिक जायला उठला, तर म्हणाली, "बस. शेवटची भाकर तव्यावर आहे."

तर मंडळी, घरी सरपण ठेवा, रॉकेल ठेवा, जादा टाकी ठेवा. जरूर ठेवा. पण भिंतीपलीकडचा आवाज थांबला, तर तुम्हाला कळेल का? आणि कळलं, तर तवा टाकून उठाल का? मला उत्तर नको. घरी जाताना वाटेत शेजाऱ्याचं दार लागेल, तिथे क्षणभर थांबा.