बत्तीस प्रकरणं आणि एक श्रोता

नाही, पण तीन वर्षं हो? पुस्तक मोठ्याने वाचलं म्हणून तीन वर्षं तुरुंग? तुम्हाला सांगतो, पोस्टात पस्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एकही फोडून वाचलं नाही, आणि निवृत्तीनंतर वाचायला बसलो तर थेट फौजदारी!

झालं काय, आमच्या हिची नजर गेली, तेव्हापासून रोज दुपारी मी तिला कादंबरी वाचून दाखवायचो. "अहो, जरा हळू, गाडी सुटतेय का तुमची?" असं म्हणायची. मग ती गेली... कादंबरी राहिली अर्धी. आता मला मनात वाचवेना, आणि मोठ्याने वाचावं तर समोर कपाट! परगावची लेक म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड करा, इंटरनेटवर टाका, चार लोक ऐकतील." टाकली! पहिल्यापासून, बत्तीस प्रकरणं! आणि श्रोते किती? एक! पण काय श्रोता हो, मी टाकायचा अवकाश, त्याने ऐकलंच! त्याच्यासाठी मी गुळण्या करायला लागलो, मधेच खोकला आला तर अख्खं पान पुन्हा वाचायचो...

आणि एक दिवस दारात पोलीस! प्रकाशकाची तक्रार. कॉपीराइट मोडला म्हणे.

चौकीत इन्स्पेक्टर गुरगुरला, "साथीदार कोण?"

म्हटलं, "साथीदार दीड वर्षापूर्वी गेली."

"आजोबा, थट्टा नको! तीन वर्षांपर्यंत आत जाल!"

"साहेब, आत बोलायला माणसं असतात ना?"

त्याने पेन खाली ठेवलं, आणि माझ्यासाठी चहा मागवला. आता सांगा, एवढा गुन्हेगार मी, आणि श्रोते किती? एक!

कोर्टात प्रकाशकाचा वकील उठला, तरुण, नाकावर चष्मा. "महाराज, बत्तीसही प्रकरणं मी स्वतः ऐकली आहेत. शब्दशः नक्कल! अकराव्या प्रकरणात तर आरोपी रडल्याचंही ऐकू येतं..." माझ्या डोक्यात लख्ख! मी उठलोच, "अहो, म्हणजे ते तुम्ही होय? आवाज पोचत होता का नीट?"

"आरोपीने खाली बसावं!" न्यायाधीश कडाडले.

बसलो. पण तुम्हाला सांगतो, त्या पिंजऱ्यात मला इतकं बरं वाटलं...

शेवटी मी लेखी माफी दिली, सगळी रेकॉर्डिंगं माझ्याच बोटाने पुसली, आणि प्रकाशकाने तक्रार मागे घेतली. सुटलो! बाहेर व्हरांड्यात वकील हळूच म्हणाला, "काका, तुम्ही छान वाचता." आणि गेला की तरातरा, पुढच्या खटल्याला!

आता मी कायद्याने वागतो. लेखक जाऊन शंभर वर्षं झालेलीच पुस्तकं वाचून इंटरनेटवर टाकतो. कुणाचा हक्क नाही, कुणाची हरकत नाही. वाचन इतकं निर्दोष झालंय हो, की तक्रार करायलासुद्धा कुणी ऐकत नाही!