पेटीतला खिळा

(रायडिंग क्लबची खोगीर ठेवायची खोली. सकाळची फेरी आटोपली आहे. थोरली बहीण क्लबची जुनी सभासद. धाकटी आठ महिने पाहुणी म्हणून येत होती.)

धाकटी : हा हातात घे आणि सांग, कुठल्या घोड्याचा आहे.

थोरली : नाल ठोकायचा खिळा आहे. त्यावर काय नाव कोरलेलं असतं? बस आधी.

धाकटी : बसायला सेक्रेटरीनेपण सांगितलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग हा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, माफ करा, पेटीत खिळा निघाला. त्याच्या लेकीच्या तट्टाला आठ महिने खरारा केला मी, आणि माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

थोरली : नियम तुला पहिल्याच दिवशी सांगितला होता. पेटीशेजारी दोन वाट्या असतात. नवा माणूस पसंत असेल तर मक्याचा दाणा टाकायचा, नसेल तर खिळा. नऊ सभासद, नऊ मतं. एक खिळा निघाला तरी नकार.

धाकटी : आणि एकदा नकार मिळाला की पाहुणी म्हणूनही फाटकाच्या आत यायचं नाही. पाठ आहे मला.

थोरली : नदीपलीकडे दुसरा क्लब आहे. आपण चौकशी करू.

धाकटी : तिथे घोडे आहेत का गाढवं, ते तरी माहीत आहे का तुला? मला दुसरीकडे जायचं नाही. ताई, नवऱ्याने घराबाहेर काढल्यापासून जिथे जाते तिथे माझी मान खाली. तुझ्या घरात चहा ओततानासुद्धा वाटतं, साखर विचारून घ्यावी. इथे घोड्यावर बसते तेवढाच वेळ मी कुणापेक्षा तरी उंच असते. एवढं एकच होतं माझं. तेही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं.

थोरली : कळतंय मला.

धाकटी : काही कळत नाही तुला. कोण असेल ते सांग.

थोरली : मत गुप्त असतं.

धाकटी : डेंटिस्ट?

थोरली : तो बिचारा माशी मारतानाही दहादा विचार करतो.

धाकटी : मग वकीलबाई. तिच्या पोटात एक आणि ओठात एक.

थोरली : असेल नाहीतर नसेल. आता उकरून काय हाती लागणार आहे? चल, घरी जाऊ.

धाकटी : मी नालबंदाकडे जाऊन आले.

थोरली : कशाला?

धाकटी : हा खिळा दाखवायला. तो म्हणाला, एवढा बारीक खिळा इथे दोघांनाच लागतो. एक सेक्रेटरीच्या लेकीचं तट्टू आणि दुसरी तुझी घोडी. सेक्रेटरीला मत नाही आणि त्याची लेक नऊ वर्षांची आहे. आता बोल, ताई.

थोरली : तुला काय ऐकायचंय?

धाकटी : खरं.

थोरली : बरं. मी टाकला. झालं समाधान?

धाकटी : इतकं सहज सांगतेस?

थोरली : मग काय ऊर बडवून सांगू?

मोतद्दार : बाई, आत येऊ का? म्हाताऱ्या घोड्याचं सांगायचं होतं.

थोरली : या ना मामा. खातोय का काही?

मोतद्दार : भिजवलेला कोंडा तेवढा चाटला. मक्याला तोंड लावत नाही. ओठाचा कोपरा फाटलाय ना. मलम लावायला हात वर केला की मान मागे टाकतो. इतकी वर्षं पोरंटोरं त्याच्या पोटाखालून पळायची, कधी पाय उचलला नाही त्याने. माणसाच्या हाताला भ्यायला या वयात शिकला.

धाकटी : माझ्याकडे बघून कशाला सांगता?

मोतद्दार : तुम्ही समोर उभ्या आहात म्हणून, धाकट्या बाई. नसता तर भिंतीकडे बघून सांगितलं असतं.

धाकटी : अडेल आहे तो. खेचल्याशिवाय वळतच नाही. आणि तुम्ही लीद उचलायची कामं करा, सभासदांचे कान भरू नका.

मोतद्दार : कान कशाला भरू? त्यांनी विचारलं, हे कशाने फाटलं. मी म्हटलं, समोर घोडा आहे, बघा तुम्हीच. बाई, जनावरांचे डॉक्टर दुपारी येतील. तेवढं कानावर घालायला आलो होतो.

थोरली : बरं केलंत. या तुम्ही.

धाकटी : छान जमतं तुमचं. भावजी घर सोडून गेले ते उगाच नाही गेले. तुझ्याशी संसार करायचा तर माणसाला चार पाय हवेत.

थोरली : त्यांना मध्ये आणू नकोस.

धाकटी : का, लागलं? लागू दे. आईसुद्धा शेवटचं पाणी माझ्या हातून प्यायली. तू यायचीस, औषधाच्या बाटल्या ओळीत लावायचीस आणि घड्याळ बघून निघायचीस. तुला आपलं म्हणणारं आहे तरी कोण? ती चिमणी? सात वर्षांची पोर तुझी. तिला शाळेतून कोण आणतं? जेवायला कोण घालतं? तू ऑफिसात खुर्ची उबवतेस तेव्हा तिचं नाक कोण पुसतं? उद्यापासून तुझं तू बघ. आणि तिला समोर बसवून सांगणार आहे मी, तुझ्या आईने मावशीला हाकललं म्हणून.

थोरली : तिला काही सांगायचं नाही.

धाकटी : सांगणार. रडून रडून ताप आला तरी सांगणार. आई कशी आहे ते कळू दे तिला लहानपणीच.

थोरली : पेटीत एकच खिळा होता, असं तुला कुणी सांगितलं?

धाकटी : म्हणजे?

थोरली : सेक्रेटरीने एक तुझ्या हातावर ठेवला. सगळे ठेवायची त्याला लाज वाटली असेल. पेटी माझ्यासमोर उघडली. आठ खिळे निघाले.

धाकटी : खोटं बोलतेस.

थोरली : परवा माझ्या घोडीला नाल मारली. उरलेले खिळे नालबंदाने त्या वाटीत टाकले. ज्याने त्याने तेच उचलले. डेंटिस्टने, वकीलबाईने, तुझ्याशी हसून बोलणाऱ्या प्रत्येकाने.

धाकटी : मग तू टाकला असं का म्हणालीस?

थोरली : म्हटलं, आठ जणांना नकोशी झाले हे ऐकण्यापेक्षा बहीण वाईट निघाली, हे तुला सोपं जाईल. शिव्या खायची तयारी होती माझी. पण तू चिमणीवर आलीस.

धाकटी : मी काय घोडं मारलं होतं त्या आठ जणांचं?

थोरली : मागच्या आवारात म्हाताऱ्याला खांबाला बांधून लगामाच्या बक्कलाने तोंडावर मारत होतीस. एकदा नाही. एकेकाने आपापल्या डोळ्यांनी बघितलं.

धाकटी : तो ऐकत नव्हता.

थोरली : बांधलेला घोडा काय ऐकणार होता तुझं?

धाकटी : तू... तू नव्हतंस बघितलं?

थोरली : सगळ्यांच्या आधी मीच बघितलं.

धाकटी : आणि तरी दाणा टाकलास?

थोरली : टाकला.

धाकटी : का? अडवलंसही नाहीस मला. एका शब्दाने बोलली नाहीस.

थोरली : दोन महिन्यांपूर्वी चिमणीच्या दंडावर वळ होते. बाकावरून पडले, म्हणाली. सांगताना तुझ्याकडे बघत होती. मला नोकरी सोडता येत नाही, तिच्याजवळ ठेवायला दुसरं कुणी नाही. मी गप्प बसले.

धाकटी : ताई, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. नवऱ्याच्या वकिलाचा फोन आला होता, आणि तिची भुणभुण...

थोरली : त्याच आठवड्यापासून तू इथे रोज यायला लागलीस. तेव्हापासून तिच्या अंगावर एक ओरखडा नाही. रोज आंघोळ घालताना बघते मी.

धाकटी : ताई.

थोरली : म्हणून टाकला दाणा. म्हटलं, घोडा म्हातारा आहे, सोसेल.